रात्रीचा उजेड

सुनीता विल्यम्स पहिल्यांदा अवकाशात गेल्या, त्या उड्डाणाची चित्रफीत आम्ही गटाच्या बैठकीत मोबाइलवर पाहिली. ९ डिसेंबर २००६. अमेरिकेत फ्लोरिडाला रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ, म्हणजे भाकऱ्यांची वेळ.

आधी अंधारात नुसता उजेड दिसतो. सगळं लख्ख, दिवसासारखं. आवाज मागून येतो. वीज आधी चमकते, गडगडाट नंतर, तसंच. पाच किलोमीटरवर उभं राहिलं, तर आवाज पोचायला पंधराएक सेकंद लागतात.

पण आम्हाला हे उड्डाण भावलं ते वेगळ्याच कारणाने. २००३ साली कोलंबिया यान परतताना तुटलं. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सोबती गेले. यान वर जातानाच इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता. म्हणून पुढची तीन उड्डाणं दिवसाच केली. काही निखळलं तर कॅमेऱ्यात दिसावं. टाकी सुधारली, वर गेल्यावर यान तपासायची सोय झाली, मगच रात्रीची परवानगी मिळाली. त्या पहिल्याच रात्रीच्या यानात, डिस्कव्हरीत, सुनीताताई बसल्या!

तेही लगेच नाही. ७ तारखेला सगळे आत बसून तयार होते, पण ढग खाली आले आणि उड्डाण थांबवलं. ‘एवढी तयारी करून परत उतरायचं?’ गटातली एक हळहळली. दोन दिवसांनी मात्र यान निघालं, साडेआठ मिनिटांत कक्षेत पोचलं. सुनीताताई परतल्या त्या १९५ दिवसांनी.