दोन मालिकांच्या मधली दिवाळी

पहाटे साडेपाच

आज वसुबारस, १७ ऑक्टोबर २०२५. केबलच्या कंट्रोल रूममध्ये पोचलो की आधी बॅटऱ्या पाहायच्या, मग एकेक चॅनेल लावून चित्र आणि आवाज तपासायचा. एरवी हे काम पोरं करतात, पण दिवाळीच्या आठवड्यात मी ते स्वतःकडे ठेवतो. फराळाच्या दिवसांत घराघरांत टीव्ही सकाळपासून चालू असतो, आणि चित्र गेलं तर नांदगाव खंडेश्वरातला निम्मा गाव फोन करतो. पण खरी ओढ वेगळीच. या वेळी चॅनेलांवर दिवाळीच्या जाहिराती एकामागे एक लागतात, आणि त्या मला मनापासून आवडतात. मालिका चुकली तर मला फरक पडत नाही. दिवाळीची चांगली जाहिरात मात्र मी उभा राहून पाहतो.

त्यांत पहिला मान मोती साबणाच्या जाहिरातीचा. एक म्हातारे काका अंधारात उठून दारोदार जातात आणि साऱ्या बिऱ्हाडांना अभ्यंगस्नानासाठी जागं करतात. त्यांची ती ओळ महाराष्ट्रात लहान पोरालाही पाठ आहे, म्हणून इथं लिहीत नाही. लोक त्यांना ‘अलार्म काका’च म्हणायचे. ते काम करणारे विद्याधर करमरकर २०२१ च्या सप्टेंबरात गेले. तेव्हा आमच्या गावातल्या लोकांनीही हळहळून एकमेकांना त्यांचे फोटो पाठवले, आणि यातल्या कुणीही त्यांना कधी समोरासमोर पाहिलेलं नव्हतं. साबण विकणाऱ्या माणसासाठी कुणी असं हळहळत नाही. पण काका साबण विकत नव्हते, पहाटे उठून शेजाऱ्यांचं एक काम करत होते. साबण त्यांच्या मागून आला. शिवाय ते बोलणं मुळातच मराठीतलं होतं. हिंदीवरून उतरवलेल्या जाहिरातींत ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे जातात, आणि घरातल्या आजीला ते लगेच कळतं.

साडेसात

वानरांनी रात्री खंडेश्वराच्या देवळाकडची वायर तोडली. वऱ्हाडात केबलवाल्याचा पहिला शत्रू वानर, दुसरा वीज. देऊळ यादवकाळचं, दगडी, हेमाडपंती. त्या बाजूला शिडी लावायची तर रस्त्यावरून जाणारे चार जण थांबून सल्ला देतातच. जॉइंट मारला, खाली उतरलो.

नऊ

रिचार्जला गर्दी. एक मावशी पैसे मोजता मोजता रागावल्या.

“काहून गा भाऊ, तुमी एवढ्या जाहिराती काहून टाकता? बाईले घरातून काढून रायले होते, तेवढ्यात तेलाचा डब्बा आला!”

मावशी, त्या मी टाकत नाही, वरूनच येतात, असं सांगितलं. नियमही सांगितला: तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात दाखवायची नाही, त्यातली दहा दुसऱ्यांच्या मालाची आणि दोन चॅनेलच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. मावशींना बारा मिनिटंही पुष्कळ वाटली. पण मग त्यांनीच विचारलं, “ते अंघोळीवालं म्हातारं यंदा दिसलं काय हो?”

इथंच माझं म्हणणं येतं. लोकांना जाहिरातीचा राग नाही, मध्येच घुसणाऱ्या माणसाचा राग आहे. दूरदर्शनवर पैसे घेऊन जाहिराती दाखवायला १ जानेवारी १९७६ रोजी सुरुवात झाली. तेव्हापासून पडद्यावर किती माल येऊन गेला याला मोजदाद नाही. घरच्यासारखा आला तो राहिला, बाकीचा विसरला गेला.

अकरा

बसस्टँडमागच्या वस्तीत एका घरी सेट टॉप बॉक्स बंद. आत गेलो तर मोठी परात, चौघी जणी करंज्या भरत बसलेल्या आणि सगळ्यांची तोंडं काळ्या पडद्याकडे. ॲडॉप्टर बदलला, चित्र आलं. हातात कागदात बांधलेल्या शेव-शंकरपाळ्यांचा पुडा पडला. नाही म्हणायची सोय नव्हती.

त्यांच्या टीव्हीवर रंगाची जाहिरात लागली होती. दिवाळी म्हणजे भिंती, हे कंपन्यांनी फार आधी ओळखलं. एशियन पेंट्सचा तो हातात ब्रश घेतलेला गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला, आणि पुढं कित्येक वर्षं रंगाच्या डब्यावर तोच होता. आमच्याकडे त्या काळात मातीच्या भिंती चुन्यानं पोतायच्या, अंगण शेणानं सारवायचं. गट्टूचा डबा आणायची ऐपत थोड्यांची. तरी गट्टू सगळ्यांना ठाऊक होता.

मग ‘हर घर कुछ कहता है’ आली आणि रंगाची गोष्ट घरातल्या माणसांची झाली. ती पियूष पांडे यांची. ही ओळ नंतर जोडली आहे, कारण आता ते नाहीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला ते गेले. घरात कोण राहतं हे आधी बघायचं आणि काय विकायचं ते मागून, ही रीत त्यांनी आपल्याकडे ठामपणे रुजवली असं मी मानतो.

तरी एक गोष्ट मला टोचते, आणि त्या घरात बसून ती जास्त टोचली. पडद्यावरच्या दिवाळीच्या घराला नेहमी मोठा जिना असतो, गच्ची असते, झुंबर असतं. इथं कोपऱ्यात सोयाबीनची पोती रचलेली होती. वऱ्हाडातली दिवाळी पंचांगावर ठरते, पण तिचा खर्च सोयाबीनवर ठरतो. यंदाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, बाजारात मात्र त्याच्या खूप खाली बोली लागते आहे, कारण सप्टेंबरच्या पावसानं माल भिजला आणि ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीच्या काट्यावर तो चालत नाही. हमीभाव किंवा ओलावा हे शब्द कुठल्याही दिवाळीच्या जाहिरातीत मी ऐकलेले नाहीत. ऐकायचेत असंही नाही. पण एखादं पोतं तरी दिसावं.

एक

जेवण. पोळी, कांदा घातलेलं बेसन, ठेचा. वीस मिनिटांत उरकलं.

दोन

आमच्या लोकल चॅनेलसाठी कापडदुकानाची जाहिरात करायची आहे. ही माझ्या कामातली सर्वांत आवडती बाब. पडद्याखालून धावणारी पट्टी तर वर्षभर चालते: साड्या, भांडी, सोनंचांदी, ट्रॅक्टरचे सुटे भाग, कोचिंग क्लास. दिवाळीत मात्र दुकानदारांना चित्राची जाहिरात हवी असते, वीस सेकंदांची, मोबाइलवर काढलेली.

दुकानाच्या शेठजींचा बेत ठरलेला होता. आधी दुकानाची पाटी, मग रॅकवरच्या साड्या, मग सूट किती टक्के, मग परत पाटी.

मी म्हटलं, “शेठजी, पाटी तर लोकं येताजाता पाहतेच.”

“मंग काय दाखवतं? माहं थोबाड?”

मी त्यांना तिथंच मोबाइलवर २०१८ ची एचपीची दिवाळीची जाहिरात दाखवली. रस्त्याकडेला एक म्हातारी पणत्या घेऊन बसली आहे, गिऱ्हाईक नाही. एक मुलगा तिच्यासाठी पत्रकं छापून गावभर लावतो आणि माणसं तिच्याकडे येतात. कंपनीचा प्रिंटर त्या गोष्टीत आहे, पण त्या मुलाच्या कामापुरता. शेठजी शेवटपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे चांगलं हाय. पण आपल्याजवळ प्रिंटर नाई.”

आपल्याजवळ बाजार समिती होती. तिच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेनं, आम्ही दुकानातल्याच एका पोराला उभं केलं. खांद्यावर रिकामी पोती, कपाळावर फुफाटा. तो पैसे मोजतो, घडी करून खिशात घालतो, दुकानात येतो. स्वतःसाठी शर्ट हातात घेतो, परत ठेवतो आणि साडी मागतो. कुणासाठी ते सांगायचं नाही. फक्त शेवटी मागून आवाज येतो, “दादा, आला काय?” बस.

शर्ट परत ठेवायची जागा आम्ही पुन:पुन्हा काढली. पोरगा आधी फार दुःखी चेहरा करायचा. त्याला सांगितलं, दुःख नको, तू रोज ठेवतो तसं ठेव. मग जमलं. दुकानात साडी पाहायला आलेल्या बाया गप्प झाल्या होत्या, त्यावरून कळलं की जमलं.

पाच

धनतेरसच्या आदल्या दिवशीच एका घरी मोठा टीव्ही आला. २२ सप्टेंबरपासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे यंदा अशी खोकी जास्त उघडतो आहे. भिंतीवर चढवला, बॉक्स जोडला, आणि पहिल्यांदा लागली ती चॉकलेटच्या पेटीची जाहिरात. घरातली मुलं खूश.

कॅडबरीनं २०२१ च्या दिवाळीत केलेलं काम मला फार मोठं वाटतं. करोनानं छोटी दुकानं झोपली होती. कंपनीनं शाहरुख खानचा चेहरा आणि आवाज संगणकाला शिकवला आणि दुकानदारांना मोकळीक दिली: आपल्या दुकानाचं नाव घाला, शाहरुख तुमच्या दुकानाची जाहिरात करील. आमच्याकडच्या एकदोघांनी ते करून व्हॉट्सॲपवर फिरवलं होतं. आपल्या गल्लीतलं नाव एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून आलं म्हणून त्यांचे चेहरे फुलले होते. त्या जाहिरातीनं शेजारच्या दुकानाला हात दिला. आमची धावती पट्टी हेच रोज करते, फक्त तिला शाहरुख नाही. म्हणून ती पट्टी लिहिताना मी नावाचं शुद्धलेखन दोनदा तपासतो.

साडेसात

गाय-वासराची पूजा. घरोघर निरांजनं. या वेळी तक्रार आली तरी पोरं म्हणतात, “भाऊ, पूजा झाल्यावर जातो,” आणि लोकही ऐकून घेतात. मग आठ वाजता सगळे मालिकांसमोर. शेतावरच्या झोपड्यांत आणि मजुरांच्या घरांवर डीडी फ्री डिशच्या छत्र्या आहेत, तिथं महिन्याचं बिल नाही, चॅनेल थोडे. पण दिवाळीच्या जाहिराती तिथंही पोचतात, आणि तिथल्या पोरांना त्या माझ्याइतक्याच पाठ असतात.

दहा

दुपारचं चित्रण कापायला बसलो. चाळीस सेकंदांचं वीस करायचं. अशा वेळी मी एकदा तरी इंग्लंडमधली जॉन लुईस या दुकानाची २०११ ची नाताळची जाहिरात पाहतो. एक छोटा मुलगा नाताळची वाट पाहून तळमळतो, दिवस मोजतो. आपल्याला वाटतं, ह्याला भेटी हव्यात. सकाळ होते, तो स्वतःच्या भेटींच्या ढिगाकडे बघतसुद्धा नाही, वेडीवाकडी गुंडाळलेली वस्तू घेऊन आईबापाच्या पलंगाशी जातो. तिकडे लोक २००७ पासून दर नोव्हेंबरात या दुकानाच्या जाहिरातीची वाट पाहतात. आमच्याकडे काकांची वाट पाहतात. घेण्याची घाई वाटावी आणि शेवटी देण्याची निघावी, ही गोष्ट कुठल्याही सणाला लागू पडते, आणि मला वाटतं तिच्यापेक्षा चांगली जाहिरात करता येत नाही.

शर्ट परत ठेवायचा तुकडा पूर्ण ठेवला. पोती थोडी कापली. शेठजींना पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

“दुकानाचं नाव सुरुवातीले काहून नाई?”

“शेवटी हाय शेठजी. आवाज आल्यावर.”

ते गप्प झाले. मागून त्यांच्या घरचं कोणीतरी म्हणालं, “अजून एकदा लावा ना.” त्यांनी पुन्हा लावली, मला फोनवरून “दादा, आला काय?” ऐकू आलं.

“राहू दे शेवटीच,” शेठजी म्हणाले. “पण सूट किती टक्के ते खालच्या पट्टीत टाकजो.”

टाकलं. उद्या सकाळच्या आरतीनंतर पहिली वेळ लावली, मग दुपारी मालिकांच्या पुनःप्रसारणात दोनदा, रात्री नऊला एकदा. भाऊबीजेपर्यंत हेच वेळापत्रक.