सत्तर अक्षरांचा हिशेब
शून्य आणि एक : लेखांक ११

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या वाचक बाईंनी विचारलं आहे : वार्षिक सभेचा एसएमएस सभासदांना इंग्रजीत पाठवला तर एकाचे पैसे लागतात, तोच मराठीत पाठवला की दोनाचे, कधी तिनाचे. मजकूर तेवढाच. मग देवनागरी जास्त जागा खाते का?

आज अपूर्णांकांवर लिहायचं कबूल केलं होतं, पण हा प्रश्न माझ्या इतक्या आवडीचा आहे की अपूर्णांकांना आठवडाभर थांबावं लागेल.

एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट असतात, म्हणजे ११२० बिट. इतके कमी का, तर एसएमएस बोलण्याच्या वाहिनीतून जातच नाही. फोन जोडण्या-तोडण्यासाठी नेटवर्कमधली यंत्रं आपसांत ज्या वाहिनीवरून खुणा पाठवतात, तिच्यातल्या फावल्या जागेत तो बसवलेला आहे. १९८५ मध्ये जीएसएमची आखणी चालू असताना फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे जर्मन इंजिनिअर बॉनमधल्या आपल्या घरी टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं टाइप करून अक्षरं, मोकळ्या जागा, विरामचिन्हं मोजत बसले. बहुतेक वाक्यं १६० च्या आत आटोपत होती. आता १४० बाइटांत १६० अक्षरं कशी बसतात? एका अक्षराला आठऐवजी सातच बिट देऊन. ११२० भागिले ७, बरोबर १६०.

सात बिटांत १२८ क्रमांक मिळतात, हे नियमित वाचकांना पाठच असेल. हे क्रमांक कोणाला द्यायचे, त्याचा तक्ता युरोपात ठरला. शून्य क्रमांकावर ई-मेलच्या पत्त्यातलं ॲटचं चिन्ह, त्यामागोमाग पौंड, डॉलर, येन. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश भाषांची टिंबं-रेघांची अक्षरं आली. ग्रीकची फक्त मोठ्या लिपीतली, तीही रोमन अक्षरांहून वेगळी दिसणारी तेवढीच : डेल्टा, सिग्मा, ओमेगा वगैरे. अल्फा हवा असेल तर रोमन 'ए' टाइप करून भागवायचं! देवनागरीला एकही क्रमांक मिळाला नाही. तक्त्याबाहेरचं एक जरी अक्षर आलं तरी अख्खा निरोप सात बिटांची पद्धत सोडतो आणि प्रत्येक अक्षराला सोळा बिट देणाऱ्या यूसीएस-२ या पद्धतीत जातो. ११२० भागिले १६, सत्तर. इंग्रजी निरोपात रुपयाचं चिन्ह टाकलं तरी हेच होतं, म्हणून तिथे 'आरएस' किंवा 'आयएनआर' लिहिणं स्वस्त पडतं.

म्हणजे मराठी अक्षराला सोळा बिट लागतात? जरा ही तीन अक्षरं बघा :

क : ००००१००१ ०००१०१०१
ख : ००००१००१ ०००१०११०
ळ : ००००१००१ ००११००११

पहिला बाइट तिन्हींत तोच आहे. दुसऱ्या बाइटातला पहिला बिटही तिन्हींत शून्यच. युनिकोडमध्ये देवनागरीला सलग १२८ क्रमांकांचा पट्टा दिलेला आहे, त्यामुळे या पट्ट्यातल्या कुठल्याही अक्षराचे पहिले नऊ बिट सारखेच असतात. एक अक्षर दुसऱ्यापासून वेगळं पडतं ते शेवटच्या सात बिटांत, अगदी इंग्रजीइतक्याच! पतसंस्थेचा निरोप मोकळ्या जागा सोडल्या तर 'मी देवनागरी, मी देवनागरी' असं अक्षरागणिक बजावत जातो, आणि पैसे त्या बजावण्याचे लागतात. भारतीय मानकातल्या 'इस्की' या सांकेतिक पद्धतीत (१९९१) 'क' चा क्रमांक १७९ होता आणि त्याचं काम एका बाइटात भागत होतं.

आता सत्तर हा आकडाही डोळ्यांनी मोजायचा नाही. 'सर्वसाधारण सभा' यात आपल्याला आठ अक्षरं आणि एक मोकळी जागा दिसते. यंत्र चौदा मोजतं, कारण प्रत्येक काना, प्रत्येक हलन्त वेगळा धरला जातो. 'राष्ट्र' दिसायला दोन अक्षरं, मोजायला सात. हात जोडलेली इमोजी तर सोळा बिटांतही मावत नाही, तिला दोन जागा लागतात.

माझा जुना छंद इथे आड येतोच. 'तऱ्हा' मधला रफार दोन प्रकारे साठवता येतो. नुक्ता असलेल्या 'ऱ' चा स्वतंत्र क्रमांक वापरला तर शब्दाच्या पाच जागा होतात. साध्या 'र' ला हलन्त देऊन पुढे शून्य रुंदीचं जोडचिन्ह घातलं तर सहा. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण न दिसणारं ते जोडचिन्हही सोळा बिट घेतं, आणि एका प्रकाराने लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधायला गेलात तर साधा शोध हात हलवत परततो. कुठला प्रकार उमटेल ते तुमचा कीबोर्ड ठरवतो.

सात बिटांवरचा उपाय पुढे निघाला. आधी तुर्की, स्पॅनिश आणि पोर्तुगीज, नंतर हिंदी, गुजराती, कन्नड, तमिळ, उर्दू धरून भारतातल्या दहा भाषा, यांच्यासाठी सात बिटांचे जादा तक्ते मानकात आले. कुठला तक्ता वापरलाय ते निरोपाच्या सुरुवातीला एकदाच सांगायचं आणि पुढे सात-सात बिटांनी चालायचं. असा एक तक्ता वापरला तर १५५ जागा मिळतात. त्या यादीत मराठीचं नाव नाही. शिवाय हा तक्ता पाठवणाऱ्याकडे असून भागत नाही, घेणाऱ्याच्या फोनलाही तो वाचता यावा लागतो. सोळा बिटांची पद्धत त्या मानाने बिनधोक, म्हणून पाठवणारे तीच धरून आहेत.

तर बाई, बिलाचा हिशेब असा. सत्तर जागांपर्यंत एक निरोप. एकाहत्तरावी जागा लागली की त्याचे तुकडे होतात, आणि कुठला तुकडा कितवा ही खूण प्रत्येकात सहा बाइट घेते. तुकड्यात उरतात ६७ जागा. १३४ पर्यंत दोनाचे पैसे, १३५ झाल्या की तिनाचे. एकदा सोळा बिटांत शिरल्यावर रुपयाचं चिन्ह एकाच जागेत बसतं, 'रु.' ला मात्र तीन लागतात. तेव्हा मराठी निरोपात चिन्हच वापरा. 'दि.' आणि 'वा.' सारख्या संक्षेपांतली टिंबंही एकेक जागा घेतात. सर्वांत मोठी बचत 'सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की' हे गाळण्यात आहे. संचालक मंडळ त्याला मान्यता देईल का, ते तुम्हीच बघा.

बाकीच्यांना गृहपाठ : 'ज्ञानेश्वर' या नावाला किती जागा लागतात? 'ज्ञ' ला स्वतंत्र क्रमांक नाही, एवढं लक्षात ठेवून मोजा.