एअरोचा पूर्ण पत्ता

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत पार्थसारथी मंदिराच्या आसपास ‘मॅन्शन’ म्हणवणाऱ्या इमारती आहेत. घरापासून दूर, एकट्यानं राहणाऱ्या नोकरदारांच्या खोल्यांच्या. अशाच एका खोलीत सांगलीकडचा एक तरुण प्रोग्रॅमर घाऊक व्यापाऱ्याचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसला आहे. व्यापाऱ्याची तक्रार अशी की, विंडोज 7 वर नीट दिसणारा पडदा नव्या संगणकावर वेगळाच दिसतो. बटणं चपटी होतात.

त्याचं कारण ते सॉफ्टवेअर ज्यात लिहिलं आहे, त्या डब्ल्यूपीएफ या पडदे रचायच्या तंत्राच्या घडणीतच आहे. 2006 साली डॉट नेट 3.0 बरोबर डब्ल्यूपीएफ आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या निरनिराळ्या रूपांसाठी वेगवेगळ्या असेंब्ली दिल्या: एक्सपीसाठी लूना, व्हिस्टासाठी एअरो, जुन्या करड्या रूपासाठी क्लासिक. विंडोज 8 च्या सुमारास एअरो 2 आली. प्रोग्रॅम जिथे चालेल तिथलं रूप आपोआप घेतो. सगळीकडे विंडोज 7 सारखं एअरोच हवं असेल, तर ॲपच्या झॅमल फाइलमध्ये तिची रिसोर्स डिक्शनरी जोडावी लागते.

त्यानं ती जोडणारी ओळ लिहिली आणि तिच्याखाली नागमोडी रेघ उमटली. प्रेझेंटेशनफ्रेमवर्क.एअरो सापडत नाही, रेफरन्स राहिला आहे का ते पाहा, असा इशारा. बिल्ड मात्र बिनतक्रार झालं.

धोका आहे तो इथेच. बिल्ड झालं म्हणून इशारा नजरेआड करणं ही या धंद्यातली फार महागडी सवय आहे, कारण त्याची किंमत प्रोग्रॅमर नव्हे, गिऱ्हाईक मोजतं.

त्यानं प्रोजेक्टमध्ये रेफरन्स जोडला, रेघ गेली. तरीही त्यानं रेफरन्सची प्रॉपर्टी उघडून पाहिली: ‘कॉपी लोकल’ समोर फॉल्स, म्हणजे फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये येत नाही. एअरो राहते विंडोजच्या सामायिक साठ्यात, ग्लोबल असेंब्ली कॅशमध्ये. झॅमलमध्ये नुसतं छोटं नाव दिलं, तर डॉट नेट फ्रेमवर्क ते प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतं. त्या साठ्यात छोट्या नावावर शोध लागत नाही. मॅन्शनच्या दारात येऊन नुसतं ‘पाटील’ विचारावं, तसं ते. खोलीचा नंबरही सांगावा लागतो. इथे तो नंबर म्हणजे आवृत्ती आणि 16 अक्षरी पब्लिक की टोकन.

मार्ग दोन. कॉपी लोकल ट्रू करून फाइल प्रोग्रॅमसोबत पाठवायची, किंवा ओळीत पूर्ण ओळख लिहायची. दुसऱ्या मार्गात आवृत्ती ओळीतच गोठते: डॉट नेट 3.5 च्या काळातली 3.0.0.0 ही खूण 4 वर आल्यावर 4.0.0.0 करायची आठवण ठेवावी लागते. त्यानं पहिला मार्ग धरला. व्यापाऱ्याकडे फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवायची पद्धत आहे, तिला तोच सोयीचा.

मग व्हिज्युअल स्टुडिओ नसलेल्या कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर चाचणी. पडदा एअरोत उघडला, पण ‘रद्द करा’ हे बटण चपटंच राहिलं. त्याची स्टाइल प्रोजेक्टमध्ये वेगळी लिहिलेली होती, आणि तिच्यात ‘बेस्ड ऑन’ नव्हतं. अशी स्टाइल तिच्यात न लिहिलेल्या गोष्टी जोडलेल्या डिक्शनरीतून न घेता चालू विंडोजच्या रूपातून घेते. मूळ बटणाच्या स्टाइलचा आधार दिल्यावर तेही जागेवर आलं. आता तो बाकीच्या खिडक्यांमधल्या स्टाइल एकेक करून उघडतो आहे.