नववर्षाचा संकल्प आणि सम्यक् संकल्प

नववर्षाच्या आरंभी एखादा संकल्प करावा, ही रीत आता शहराप्रमाणेच खेड्यातही रुजली आहे. आपल्या समाजात तर १ जानेवारी या दिवसाला निराळेच महत्त्व आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगावची लढाई झाली आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील विजयस्तंभाला भेट दिली. या स्मृतीमुळे त्या दिवशी कित्येक उपासक-उपासिकांच्या मनात आपणही आपले जीवन पालटावे अशी ऊर्मी उठते. कोणी दारू सोडण्याचा निश्चय करतो, कोणी नित्य वाचनाचा, कोणी घरात आवाज न चढविण्याचा.

पुढे काय होते, हे बहुतेकांनी अनुभवलेले आहे. पंधरा दिवस निश्चय टिकतो. मग एखाद्या वरातीत मित्रांच्या आग्रहाने एक घोट घेतला जातो आणि त्या एका घोटाबरोबर सबंध संकल्प बुडतो. ‘आता मोडलाच आहे, तर पुढच्या वर्षी पाहू’, असे माणूस स्वतःला समजावतो. याहूनही गंभीर गोष्ट अशी की, ज्याने विहारात सर्वांसमक्ष शब्द दिलेला असतो तो लाजेपोटी विहाराकडे फिरकेनासा होतो. जेथे त्याला आधार मिळावयाचा, तेथूनच तो तुटतो. हा दोष केवळ त्या माणसाच्या दुबळेपणाचा आहे, की संकल्प करण्याच्या पद्धतीतही काही उणीव आहे? या प्रश्नाचा विचार धम्माच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक शब्द, तीन अर्थ

मराठीत ‘संकल्प’ हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी येतो. ब्राह्मणी कर्मकांडात यजमान हातात पाणी घेऊन देश, काल, गोत्र आणि इच्छित फळ यांचा उच्चार करतो व ते पाणी सोडतो. ‘संकल्प सोडणे’ हा वाक्प्रचार त्या विधीशी निगडित आहे. तेथे भर असतो तो फळाच्या मागणीवर. नववर्षाचा संकल्प हा दुसरा प्रकार. त्यात देवाकडे मागणे नसते, परंतु दृष्टी फळावरच खिळलेली असते. इतके वजन उतरावे, इतकी पुस्तके वाचून व्हावीत, इतकी शिल्लक पडावी. आकडा गाठला तर यश, न गाठला तर अपयश.

तिसरा अर्थ धम्मातील आहे. पालि भाषेतील ‘सम्मा संकप्प’ हे आर्य अष्टांगिक मार्गाचे दुसरे अंग होय. येथे संकल्प म्हणजे मनाची दिशा; ज्या हेतूने माणूस बोलतो आणि वागतो तो हेतू. या हेतूच्या मुळाशी चेतना असते आणि तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात सम्यक् संकल्पाचे विवरण करताना त्यांनी माणसाची ध्येये व आकांक्षा उदात्त असाव्यात, हीन असू नयेत, असा अर्थ दिला आहे. तेथे आकडा नाही, मुदत नाही, दिशा आहे.

नियम आणि तत्त्व

हा भेद अधिक स्पष्ट होण्यासाठी बाबासाहेबांनी केलेले आणखी एक विवेचन ध्यानात घेतले पाहिजे. १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात त्यांनी नियम आणि तत्त्व यांतील फरक मांडला. नियम काय करावे हे ठरवून देतो. तत्त्व कृतीची पारख करण्याची दृष्टी देते. नियमाबरहुकूम केलेली कृती बरोबर असली तरी यांत्रिक असू शकते. तत्त्वाच्या प्रकाशात केलेल्या कृतीची जबाबदारी मात्र कर्त्याला स्वीकारावी लागते. पुढे अहिंसेचे विवेचन करताना, भगवान बुद्धांनी अहिंसा ही नियम म्हणून नव्हे तर तत्त्व म्हणून, एक जीवनमार्ग म्हणून सांगितली, असे त्यांनी प्रतिपादन केले.

नववर्षाचा संकल्प बहुधा नियमाच्या रूपात केला जातो, म्हणूनच तो मोडतो. ‘या वर्षी एक तासाचे वाचन एकही दिवस चुकविणार नाही’ हा नियम झाला. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराचा तो तिसऱ्याच दिवशी चुकतो आणि चुकला की संपतो. ‘या वर्षी मी माझे व माझ्या मुलांचे अज्ञान दूर करीत राहीन’ हे तत्त्व झाले. ज्या दिवशी तासभर वाचणे शक्य नाही, त्या दिवशी मुलाच्या पुस्तकातील एक पान त्याच्याशेजारी बसून वाचले, तरी त्या दिशेने पाऊल पडते. नियमाला खंड पडतो. दिशेला मात्र माणूस कोणत्याही दिवशी परतू शकतो.

सम्यक् संकल्पाची तीन अंगे

ही दिशा कोणती, हेही तथागतांनी सांगून ठेवले आहे. सम्यक् संकल्प तीन प्रकारचा आहे: नैष्क्रम्य, अव्यापाद आणि अविहिंसा. गृहस्थाच्या दृष्टीने नैष्क्रम्य म्हणजे घर सोडणे नव्हे. लोभाची पकड सैल करणे होय. लग्नात चार लोकांना दिपविण्यासाठी कर्ज काढण्याची वेळ येते, तेव्हा या संकल्पाची कसोटी लागते. अव्यापाद म्हणजे द्वेषाचा त्याग. अन्यायाविरुद्ध लढताना अन्याय करणाऱ्याच्या द्वेषाने आपलेच मन पोखरू न देणे, हा त्याचा आशय. अविहिंसा म्हणजे इजा न करणे. ती केवळ हत्यारापुरती नाही; दिवसभराचा अपमान गिळून घरी आलेल्या माणसाने तो पत्नीवर वा मुलांवर न ओकणे, ही देखील अविहिंसाच.

मज्झिम निकायातील द्वेधावितक्क सुत्तात तथागतांनी स्वतःचा अनुभव सांगितला आहे. संबोधीपूर्वी त्यांनी आपल्या विचारांचे दोन भाग केले: एकीकडे काम, व्यापाद व विहिंसा यांचे विचार, दुसरीकडे त्यांच्या विरुद्ध असलेले. माणूस ज्याचे वारंवार चिंतन करतो तिकडेच त्याचे मन झुकते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. याच सुत्तात गुराख्याची उपमा आहे. शेतात पीक उभे असताना गुराख्याला हाती काठी घेऊन गुरे आवरावी लागतात. पीक घरात आल्यावर झाडाखाली बसून नुसते लक्ष ठेवले तरी पुरते. मनाचेही तसेच आहे. प्रारंभी कष्ट पडतात, ते अपयशाचे चिन्ह नव्हे.

राहुलाला दाखविलेला आरसा

हेतू रोजच्या व्यवहारात कसा उतरवावा, याचे उत्तर अम्बलट्ठिका राहुलोवाद सुत्तात मिळते. सम्राट अशोकाने बैराट येथील शिलालेखात ज्या धम्मग्रंथांचे श्रवण-चिंतन करावे म्हणून सांगितले, त्यांत असत्य भाषणासंबंधी राहुलाला केलेल्या उपदेशाचा उल्लेख आहे. आरसा कशासाठी असतो, असे तथागत राहुलाला विचारतात. पाहण्यासाठी, असे तो उत्तरतो. त्याचप्रमाणे काया, वाचा व मन यांची प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावी. तिने स्वतःची, दुसऱ्याची वा दोघांची हानी होणार असेल तर ती करू नये. चालू असेल तर थांबवावी. काया-वाचेने घडून गेली असेल तर जाणत्यांपुढे उघड करावी व पुढे संयम ठेवावा. कृती कुशल असल्याचे आढळले, तर त्या आनंदात राहून पुढे शिकत राहावे. आत्मपरीक्षणात स्वतःला कोसत बसण्याला स्थान नाही, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

ही पळवाट नव्हे

कोणी म्हणेल, असे असेल तर शीलात ढिलाई येईल. ‘माझा हेतू चांगला आहे’ असे म्हणत माणूस पीतच राहील. आक्षेप रास्त आहे. परंतु मार्गात संकल्प एकटा येत नाही. त्याच्या आधी सम्यक् दृष्टी आहे आणि नंतर वाणी, कर्म, आजीविका व व्यायाम आहेत. सम्यक् व्यायाम चार प्रकारचा: न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले नष्ट करणे, न उपजलेले कुशल उपजविणे व उपजलेले वाढविणे. दारू सोडू इच्छिणाऱ्याने मोहाच्या जागी न जाणे हा पहिला प्रयत्न. संध्याकाळची ती वेळ विहारात किंवा अभ्यासिकेत घालविणे हा तिसरा. ज्या हेतूपाठोपाठ असा प्रयत्न येत नाही, तो हेतू नसून केवळ इच्छा आहे.

पंचशीलांची भाषाही पाहावी. प्रत्येक शीलाला ‘सिक्खापद’ म्हटले आहे, म्हणजे शिकण्याची पायरी. आणि ‘समादियामि’ म्हणजे मी ती ग्रहण करतो. ही आज्ञा नाही, स्वीकार आहे. म्हणूनच आपण पंचशील जन्मात एकदा नव्हे तर प्रत्येक वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतही अष्टांगिक मार्गाचे अनुसरण व पारमितांचे पालन यांचा अंतर्भाव आहे. त्या एका वर्षासाठी नव्हत्या. सबंध जीवनाची दिशा बदलण्यासाठी होत्या.

कल्याणमित्रांची जबाबदारी

शेवटची गोष्ट उरलेल्यांविषयी, म्हणजे तुमच्या-आमच्याविषयी. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खूसंघात पवारणा होते. पाहिलेला, ऐकलेला वा शंका आलेला आपला दोष दाखवावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. स्वतः तथागतांनीही संघाला अशी विचारणा केल्याचे सुत्तात नमूद आहे. जेथे शास्ताच विचारतो, तेथे चूक झालेल्या उपासकाने तोंड लपविण्याचे कारण नाही आणि इतरांनी त्याची टवाळी करण्याचाही अधिकार नाही.

म्हणून या नववर्षी आकड्यांची यादी करण्याऐवजी लोभ, द्वेष आणि हिंसा यांपैकी आपल्याला सर्वाधिक कोण ओढते ते प्रत्येकाने शोधावे, त्याच्या विरुद्ध दिशेचा एक हेतू मनाशी धरावा आणि रात्री निजण्यापूर्वी त्या आरशात पाहावे. आणि गेल्या वर्षी निश्चय मोडला म्हणून विहारात न आलेला एखादा बांधव आपल्या वस्तीत असेल, तर १ जानेवारीला सकाळी त्याच्या घरी जावे, कशाचाही हिशोब न विचारता त्याला सोबत घेऊन यावे आणि त्याच्या शेजारी बसून पुन्हा पंचशील ग्रहण करावे.