जपानी भाषेची वरची पायरी

जपानच्या सहकार्याने उभ्या राहणाऱ्या ५०८ किलोमीटरच्या मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्गावरील १२ स्थानकांत विरारचा समावेश आहे. जैन व्यापाऱ्यांना मात्र जपान त्याच्या कितीतरी आधीपासून परिचित. मोत्यांच्या व्यापारानिमित्त कोबे शहरात स्थिरावलेल्या जैन कुटुंबांसाठी तेथे १९८५ मध्ये भगवान महावीरस्वामींचे मंदिर उभे राहिले. म्हणून वसई-विरारमधील एखाद्या पेढीवरच्या मुलाने वा मुलीने ‘जपानीची एन-वन परीक्षा द्यायची आहे’ असे म्हटले, तर वडीलधाऱ्यांनी नकार देण्यापूर्वी हिशेब समजून घ्यावा. होकार देण्यापूर्वीही घ्यावा.

जपानी भाषाप्रावीण्याची ही परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत. एन-फाइव्ह सर्वांत सोपी, एन-वन सर्वांत अवघड. जुन्या पद्धतीत वरच्या पायरीसाठी सुमारे २,००० कांजी म्हणजे चित्राक्षरे, १०,००० शब्द आणि ९०० तासांचा अभ्यास असा अंदाज दिला जात असे. नव्या पद्धतीत अशी यादी दिली जात नाही. मेहनत मात्र कमी झालेली नाही. रोज दोन तास धरले तरी ९०० तासांना सव्वा वर्ष लागते, आणि दुकान सांभाळून रोज दोन तास काढणे किती जणांना जमते, हे घरच्यांनाच ठाऊक.

एन-वनला १८० पैकी १०० गुण लागतात. भाषाज्ञान, वाचन व श्रवण या तीन भागांना प्रत्येकी ६० गुण असून प्रत्येकात किमान १९ मिळवावे लागतात. वाचनात ५० मिळाले, पण श्रवणात १८ राहिले, तर एकूण बेरीज कितीही असो, निकाल अनुत्तीर्ण. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यातील तूट भरून काढत नाही. पुढची संधी थेट जुलै किंवा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि अर्जाची मुदत त्याच्या काही महिने आधीच संपते.

मराठी वा गुजराती बोलणाऱ्याला एक लाभ आयता मिळतो. जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते आणि आपल्या विभक्तीप्रत्ययांसारखे प्रत्यय नामामागे लागतात. जपानी वर्णक्रमही अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना असा आहे. सिद्धम् लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमार्फत भारतीय वर्णमालेचा तो संस्कार तेथे पोहोचला. कांजीला मात्र असा आधार नाही. ती रोज गिरवावी लागते.

गर्दीच्या विरार लोकलमध्ये पुस्तक उघडणे अशक्यच. तो वेळ श्रवणासाठी वापरणारे शहाणे. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते आणि एन-वनचे श्रवण ५५ मिनिटे चालते. ४८ मिनिटांच्या सामायिकात स्थिर बसण्याची सवय असलेल्यांना निदान बैठकीची भीती वाटू नये.

पुढे काय? एन-वनचे प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही. जपानच्या उच्चकुशल व्यावसायिक व्हिसाच्या गुणपद्धतीत एन-वनला १५, एन-टूला १० गुण आहेत. पात्रतेसाठी ७० लागतात. तरीही या परीक्षेत बोलण्याची चाचणी नाही, हे विसरू नये. ‘केंतोउ शिमासु’ म्हणजे ‘विचार करू’. व्यवहारात अनेकदा तो सौजन्यपूर्ण नकार असतो. ते ओळखायला व्यापाऱ्याचाच कान हवा. ज्यांना केवळ बिले व पत्रव्यवहार पाहायचा आहे, त्यांना एन-टूदेखील पुरेशी ठरू शकते. घरच्या व्यापारासाठी प्रत्येकाने एन-वनच्याच मागे लागावे असे नाही.

जैन घरांसाठी आणखी एक उपयोग आहे. जपानमध्ये भाजीच्या साध्या सुपातही अनेकदा ‘कात्सुओबुशी’चा, म्हणजे वाळवलेल्या माशाचा, अर्क असतो आणि तो घालणाऱ्याला त्यात मांसाहार असल्याचे जाणवतही नाही. ‘तामानेगी’ म्हणजे कांदा, ‘निन्निकु’ म्हणजे लसूण. पाकिटामागची ही बारीक अक्षरे स्वतः वाचता आली, तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.