होडी नव्हे, पाणी चालतं

थीम पार्कातली होडी अंधारात आपोआप सरकते, तेव्हा खाली इंजिन असेल असं वाटतं. पण कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ घ्या. १९६७ पासून तिथल्या होड्या इंजिनाशिवायच फिरताहेत! शेतातल्या पाटासारखा सिमेंटचा पाट, पंपांनी खेळतं ठेवलेलं पाणी, आणि वळणावर होडी भिंतीला घासू नये म्हणून बाजूला छोटी चाकं. बस्स.

गंमत म्हणजे, हे आधी पायी फिरून बघायचं मेणाच्या चाच्यांचं प्रदर्शन होणार होतं. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या होड्यांनी प्रचंड गर्दी सहज हलवली, आणि चाच्यांनाही पाणी मिळालं.

मला सगळ्यात आवडतो तो उतार. पोटात गोळा येतो, लोक किंचाळतात. खरं कारण मात्र अगदी व्यवहारी आहे. देखाव्यांची मोठी इमारत पार्कभोवतीच्या रेल्वेरुळांपलीकडे आहे, म्हणून होडीला रुळांखालून न्यायचं, आणि त्यासाठी आधी खाली उतरवायचं. शेवटी यंत्र तिला चढावरून ओढून पुन्हा वर आणतं.

पाण्यावरच्या होडीला ब्रेक मारता येत नाही, हे लक्षात ठेवा. त्यामुळे अशा राइडमध्ये उताराच्या तोंडाशीच होडी थोपवून धरतात. पुढची लांब गेल्याचं सेन्सरने कळवलं की मगच हिला सोडायचं. एक अडकली तर मागे रांग लागते, आणि कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसलेला माणूस सगळंच थांबवतो.