वर्ध्याचे मास्तर आणि मेक्सिकोतील रानशाळा

या व्यासपीठावरून बोलणारी मंडळी बहुधा प्राध्यापक, वकील किंवा साहित्यिक असतात. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकापाशी आणि युनियनच्या कचेरीतील कपाटात असलेल्या पुस्तकांवर. ज्याला शाळा पुरी मिळाली नाही त्याला तिचे मोल अंमळ जास्त कळते, अशी आमची समजूत आहे. म्हणून विषयही शाळेचाच घेतला. शाळा मात्र इथली नव्हे. ती सातासमुद्रापलीकडची, मेक्सिकोतील; आणि तिचे मास्तर होते वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे हे नाव आपण क्रांतिकारकांच्या यादीत वाचतो आणि पुढे जातो. १९०६ च्या सुमारास ते देशाबाहेर पडले, जपानमार्गे अमेरिकेस पोचले, तेथे शेतकीचे शिक्षण घेतले. १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला त्यात ते आघाडीवर होते. या पक्षाचा पाया कोणी घातला? पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांनी. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण इतिहासाच्या पुस्तकात पुढाऱ्यांची नावे येतात आणि गिरणी राहून जाते. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. युद्धानंतर बर्लिन झाले, मॉस्को झाले. हिंदुस्थानचे दार तर बंदच होते. १९२४ साली हा माणूस मेक्सिकोत उतरला आणि चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात शिक्षक झाला.

मेक्सिकोची तेव्हाची स्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. १९१० साली तेथे क्रांती पेटली ती मुख्यतः जमिनीसाठी. १९१७ च्या राज्यघटनेने मोठमोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमिनी देण्याची वाट खुली केली. चापिंगोचे विद्यालयसुद्धा एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात भरत होते. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने तेथल्या भिंती रंगविल्या, आणि येथे जमीन पिळावयास शिकवितात, माणूस नव्हे, अशा अर्थाचा मजकूर तेथे लिहिला. पण जमीन हाती आली म्हणजे पीक आले असे नाही. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या हुकमाने राबलेल्या माणसाजवळ बी नाही, अवजार नाही, सावकाराखेरीज कोणी उभे करीत नाही. आणि चापिंगोत शिकावयास जाणे त्याला कोठले परवडणार?

तेव्हा विद्यालयच शेतकऱ्याकडे न्यावयाचे, असे खानखोज्यांनी ठरविले. शेतकरी संघटनांच्या मदतीने त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या. टेस्कोको भागातील अशा एका शाळेला क्रांतीचा शेतकरी पुढारी एमिलियानो सापाता याचे नाव होते. पुढे अशा शाळांची संख्या तिसाच्या वर गेली असे सांगतात. आम्हांला संख्येपेक्षा रीत महत्त्वाची वाटते: शिकणारा प्रौढ, शिकवणी त्याच्याच भाषेत आणि वर्ग त्याच्याच रानात. तीना मोदोत्ती या छायाचित्रकर्तीने १९२८ च्या सुमारास या शाळांची चित्रे घेतली.

आता एक गंमत पाहा. मका हे पीक मूळ मेक्सिकोचेच. तिथल्या लोकांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून ते घडविले. तेथूनच ते जगभर गेले आणि आपल्याकडेही आले. म्हणजे वर्ध्याचा माणूस मक्याच्या माहेरी जाऊन मका शिकवीत होता! अशा ठिकाणी ज्ञानाचा तोरा मिरवून चालत नाही. आधी त्यांचे ऐकावे लागते, मग आपले सांगावे लागते.

आणि सांगण्यासारखे काय होते, तेही समजून घेण्याजोगे आहे. आपला जोंधळा बहुतांशी आपल्याच फुलोऱ्यावर दाणा धरतो. चांगले कणीस निवडून ठेवले की पुढल्या साली बरेचसे तसेच पीक मिळते. मक्याचे तसे नाही. तुरा डोक्यावर, कणीस कमरेला. तुऱ्यातला पराग वाऱ्यावर उडतो आणि कणसाच्या केसांवर पडतो. एक केस म्हणजे एक दाणा. ज्या केसावर पराग पडला नाही तिथला दाणा भरत नाही, कणीस बोडके राहते. आणि पराग आपल्याच ताटाचा असेल असे नाही. पलीकडच्या बांधावरच्या मक्याचाही असतो. म्हणून एकट्याने उत्तम बियाणे राखीन म्हटले तर ते जमत नाही. शेजाऱ्याचा मका खुरटा, तर आपल्या बियात ते खुरटेपण उतरावयाचेच. उपाय तीनच: वाण दूर पेरणे, नको त्या ताटांचे तुरे वेळेवर खुडणे, नाही तर साऱ्या शिवाराने मिळून एक चांगला वाण धरणे. तिसरी गोष्ट प्रयोगशाळेत होत नाही, ती गावच्या बैठकीतच व्हावी लागते. युनियनचे काम करणाऱ्याला हा मक्याचा स्वभाव फार ओळखीचा वाटतो.

खानखोज्यांनी तेओसिंते आणि मका यांचा संकर करून पाहिला, नवे वाण काढले. एकाचे नाव त्यांनी ग्रानादा, म्हणजे डाळिंब, असे ठेवले होते. मेक्सिको शहरातल्या शिक्षणखात्याच्या इमारतीत रिवेराने रंगविलेले एक भित्तिचित्र आहे. मेजाभोवती सर्व थरांची माणसे बसली आहेत आणि एक जण त्यांना भाकरी वाटतो आहे. त्या वाटणाऱ्याचा चेहरा खानखोज्यांचा आहे.

ज्या १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत पोचले, त्याच साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. दोघांची गाठ पडली होती असे आमचे म्हणणे नाही. पण हाताने राबणाऱ्याला शाळेपर्यंत येता येत नसेल तर शाळेची रीत बदला, ही गोष्ट दोघांनाही सुचली.

आमचा एक फजितीचा अनुभव सांगतो. टेंभूचे पाणी आले, आमच्या बाजूला ऊस वाढला, आणि उसामागोमाग तोडणीच्या टोळ्या आल्या. एका हंगामात आम्ही त्यांच्या कोपींवर रात्री वर्ग चालविला. कंदील, फळा, कायद्याचे पुस्तक अशी जय्यत तयारी. किमान वेतन म्हणजे काय, हे आम्ही तासभर समजावले. शेवटी एक बाई म्हणाल्या, "दादा, हे खरं असंल. पण आमची उचल किती फिटली ते सांगा की." आम्हांला सांगता येईना. हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि ती वही आम्ही कधी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या रात्री पुस्तक घरी ठेवले. कोयत्यामागे रोज किती टन, दर काय, मुकादमाचे कमिशन काय, एवढेच फळ्यावर मांडत गेलो. आकडे त्या सांगत, बेरीज आम्ही करीत असू. आठ दिवसांत दोन पोरींनी खडू आमच्या हातून काढून घेतला.

त्या पोरी बीडकडच्या. त्यांना कडेगाव परदेशच. गावातल्या शाळेत त्यांचे नाव घालावयास आम्ही गेलो, तेव्हा हंगाम संपताच जाणाऱ्यांना कसे घ्यावयाचे, असा प्रश्न आला. प्रश्न अगदीच खोटा नव्हता. पण फड बारा मैल पुढे सरकला, टोळी हलली, आणि उत्तर शोधण्यापूर्वीच त्या निघून गेल्या. फळा अजून आमच्या कचेरीत आहे.

खानखोजे १९५५ साली कायमचे मायदेशी परतले आणि नागपुरास राहिले. तेथेच १९६७ साली ते वारले. आयुष्याची तीस वर्षे त्यांनी मेक्सिकोत काढली होती. तुमच्यापैकी कोणाला येत्या हंगामात संध्याकाळचे दोन तास मोकळे असतील, तर व्याख्यान संपल्यावर आम्हांला भेटावे. टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात.